चांदोली-कोयनेबद्दल लोक ऑनलाईन काय बोलतात ते कसं शोधायचं

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हणा, एखाद्या निसर्ग मंडळासाठी म्हणा, राष्ट्रीय उद्यानाबद्दल लोकांच्या मनात काय चाललंय हे बघायचं म्हटलं की हल्ली पहिलं सुचतं ते इन्स्टा उघडायचं. बरोबरच आहे. पण बहुतेक जण काय करतात, एक हॅशटॅग टाकतात, वरवरच्या पाचपन्नास रील बघतात, सगळीकडं धुकं, पाणी आणि "स्वर्ग" एवढंच दिसतं आणि निष्कर्ष काढून मोकळे, की लोकांना चांदोली लई आवडतंय. अहो पण त्यात मत कुणाचं आलं? फिरायला आलेल्यांचं. चांदोलीच्या कडेच्या मणदूरचा, कोयनेकडच्या पाटणच्या खोऱ्यातला, सागरेश्वरजवळच्या देवराष्ट्र्याच्या शिवारातला माणूस त्यात कुठंच नाही, आणि जंगलाबद्दल रोज बोलणारा तर तोच आहे. तो फक्त हॅशटॅग लावून बोलत नाही. त्याला कसं शोधायचं हेच ह्यात खरं काम, बाकी सगळं एक्सेलचं.

आधी प्रश्न बारीक करून घ्या. "लोकांना काय वाटतं" एवढ्यावर सुरू केलं तर महिन्याभरानं मोबाईलमध्ये नुसते स्क्रीनशॉट राहतात आणि गाईड विचारतात तेव्हा सांगायला काही नसतं. त्यापेक्षा असं धरा: पावसाळ्यात आतलं पर्यटन बंद असतं हे लोकांना माहीत असतं का? गव्यानं पीक तुडवलं की राग कुणावर निघतो? कासच्या ऑनलाईन बुकिंगला लोक वैतागतात का त्यांना ते पटतं? ताडोबातून चांदोलीत वाघीण आणली त्यावर शिराळ्यातला माणूस आणि पुण्यातला माणूस एकच बोलतात का? एका वेळी एकच घ्या, फार तर दोन.

मग जागा नीट समजून घ्या, कारण इथं गोंधळ भरपूर आहे. आपल्याकडं, म्हणजे सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात, राष्ट्रीय उद्यान म्हणजे चांदोली, एवढं एकच. 1985 ला अभयारण्य झालं, 2004 ला राष्ट्रीय उद्यान, 317.67 चौरस किलोमीटर, आणि ते सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलंय. वर साताऱ्याकडं कोयना अभयारण्य. 2010 साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, बफर म्हणजे भोवतीचा पट्टा धरून साधारण 1165 चौरस किलोमीटर. कास पठार ह्यातलं काहीच नाही, ना राष्ट्रीय उद्यान ना अभयारण्य, पण 2012 ला पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आले. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर आणखी वेगळं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं. आता लोक ह्यात फरक करतात का? अजिबात नाही. कासला नॅशनल पार्क म्हणणारे सापडतील, वासोटा नुसता किल्ला आहे आणि आपण कोयना अभयारण्यात शिरतोय हे गावी नसलेले सापडतील, चांदोली म्हणजे धरण एवढंच ठाऊक असलेले सापडतील. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. शीटमध्ये त्यासाठी एक रकाना करा, "कशाला काय समजतात" असा. तो रकाना नंतर फार कामाला येतो.

आता शोधायचे शब्द. इथंच निम्मं काम बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

नुसतं "चांदोली" टाकलं तर पुणे जिल्ह्यातलं चांदोलीही येतं आणि रोमन स्पेलिंग जवळचं असल्यानं उत्तर प्रदेशातला चंदौली जिल्हाही घुसतो, मग तिकडचं राजकारण वाचत बसा. "कोयना" टाकलं की जुलै-ऑगस्टमध्ये नुसता धरणाचा विसर्ग, किती दरवाजे उघडले, नाहीतर कोयना एक्सप्रेस, नाहीतर भूकंपाचा धक्का. "सागरेश्वर" टाकलं की वेंगुर्ल्याचा समुद्रकिनारा. "कास" रोमनमध्ये एका ए नं लिहितात, दोन ए नं लिहितात, आणि हिंदीतला "काश" लिहून उसासे टाकणारी शायरी मधेच येते ती वेगळीच. म्हणून एकटं नाव कधीच टाकायचं नाही, सोबत दुसरा शब्द पाहिजे. चांदोली सफारी, चांदोली मणदूर, कोयना अभयारण्य, कास बुकिंग, वासोटा बामणोली, सागरेश्वर हरीण, असं. प्रत्येक जोडी मराठीत टाका, इंग्रजीत टाका आणि रोमन मराठीत टाका, कारण आपल्याकडं अर्धी जनता रोमनमध्येच मराठी टाईप करते आणि प्रत्येकाचं स्पेलिंग त्याचं त्याचं.

हे झालं पर्यटकांचं. गावातल्या माणसासाठी यादी पार वेगळी करायची. तो "राष्ट्रीय उद्यान" म्हणत नाही, "संवर्धन" तर त्याहून नाही. तो म्हणतो जंगल, फॉरेस्टवाले, गवा, डुकरं, बिबट्या, पंचनामा, नुकसान भरपाई, पुनर्वसन, अभयारण्यग्रस्त, बफर. ह्यातला एक शब्द आणि सोबत गावाचं किंवा तालुक्याचं नाव: शिराळा बिबट्या, पाटण गवा, कराड बिबट्या ऊस, कडेगाव हरीण पीक. टाकून बघा, पार दुसरंच जग उघडतं. धुकं नाही, स्वर्ग नाही, रात्री मोटार सुरू करायला रानात कसं जायचं हा विषय. आणि एक गंमत, उसातल्या बिबट्यावर बोलणारे बरेच जण चांदोलीचं नावही घेत नाहीत. त्यांच्या लेखी बिबट्या उसातला, वाघ चांदोलीतला, आणि फॉरेस्ट ऑफिस दोन्हीकडचं. हे लक्षात नाही आलं तर तुम्ही एकतर ह्या कमेंट सगळ्या टाकून द्याल नाहीतर सगळ्या उद्यानाच्या नावावर चढवाल, आणि दोन्ही चूकच.

कुठं शोधायचं? प्रत्येक ठिकाणची माणसं वेगळी, हे धरून चला.

गुगल मॅपवरचे रिव्ह्यू म्हणजे पर्यटक आणि त्यांच्या गैरसोयी. रस्ता, स्वच्छतागृह, फी, जेवायला काही नाही, प्राणी दिसला नाही. स्टार बघू नका, मजकूर वाचा, कारण पाच स्टार देऊन खाली शिव्या घालणारे आणि एक स्टार देऊन "मस्त जागा, फक्त बंद होती" लिहिणारे दोन्ही भेटतात. क्रम "नवीन आधी" असा लावायचा, नाहीतर गुगल त्याला वाटेल ते वर दाखवतं. एपीआयनं, म्हणजे प्रोग्राम लिहून थेट कंपनीकडून डेटा घ्यायच्या सोयीनं, घ्यायचा विचार असेल तर एका जागेचे पाचच रिव्ह्यू मिळतात, म्हणजे हातानं कॉपी करणं आलंच.

यूट्यूब माझ्या मते सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. वासोट्याच्या एका व्लॉगखाली लोक पाच पाच ओळी लिहितात, एकमेकांना उत्तरं देतात, भांडतात. थोडं कोडिंग येत असेल तर ह्याचा एपीआय अजून फुकट आहे, दिवसाला 10,000 युनिटची मर्यादा, आणि कमेंटचं एक पान म्हणजे शंभरपर्यंत कमेंट एका युनिटमध्ये येतात. आपल्या कामाला पुरून उरतं.

फेसबुक म्हातारं झालं म्हणून सोडू नका. तालुक्याच्या बातम्यांची पेजेस तिथंच आहेत आणि गावचा माणूस तिथंच बोलतो. पूर्वी संशोधकांना क्राउडटँगल नावाचं टूल होतं, फेसबुकच्या मेटा कंपनीनं ते ऑगस्ट 2024 मध्ये बंद केलं, त्यामुळं आता सार्वजनिक पेज उघडायचं, स्क्रोल करायचं, टिपायचं. इन्स्टावर बिझनेस अकाउंटवरून एपीआय वापरलं तर सात दिवसांत 30 च हॅशटॅग शोधता येतात, म्हणून यादी आधी विचार करून करा. एक्सचं, म्हणजे जुन्या ट्विटरचं, फुकट एपीआय 2023 लाच गेलं, आणि तसंही आपल्या भागात त्याच्यावर राजकारण सोडून फार काही नसतं. व्हॉट्सॲपवर खरी चर्चा होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो खाजगी मामला, परवानगीशिवाय ग्रुपमधलं काही उचलायचं नाही, विषय संपला.

ह्या सगळ्याचा उपयोग होतो का असा प्रश्न पडणारच. होतो. 2013 साली फ्लिकर ह्या फोटो टाकायच्या साईटवरचे फोटो आणि प्रत्यक्ष पर्यटकांचे आकडे जगभरातल्या 836 ठिकाणी ताडून बघितले, तेव्हा फोटोंवरून गर्दीचा अंदाज बऱ्यापैकी येतो असं निघालं. 2017 ला फिनलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 56 राष्ट्रीय उद्यानांवर असंच काम झालं, त्यात इन्स्टाग्राम सगळ्यात जवळ गेलं, पण एक अट निघाली, उद्यान जेवढं गजबजलेलं तेवढा अंदाज बरा. आपल्याकडं लावून बघा. कासला चालेल, वासोट्याला चालेल, सागरेश्वरला मात्र पोस्टच एवढ्या कमी की त्यावरून आकडा सांगणं म्हणजे थट्टा. तिथं मोजू नका, वाचा. दहा कमेंट असतील तर दहाही नीट वाचा.

मोजायचंच असेल तर एक नियम पाळा, एक माणूस, एक दिवस, एक जागा, म्हणजे एकच नोंद. वासोट्याला गेलेला एकटा पोरगा बारा फोटो आणि चार रील टाकतो, ती सोळा माणसं नव्हेत. तारखेवरही आंधळा विश्वास नको. चांदोलीत आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, त्यामुळं पोस्ट पडते ती संध्याकाळी कराडात नाहीतर चार दिवसांनी पुण्यात, आणि लोकेशनही तसलंच. आणि हंगाम! सप्टेंबरात कासच्या फुलांचा पूर येतो, तेवढाच महिना धरला तर साताऱ्यात दुसरं काही नाहीच असं वाटेल. पूर्ण वर्ष घ्या, नाही जमलं तर दोन वर्षांचे तेच तेच महिने घ्या.

शीट साधी ठेवा. तारीख, कुठल्या ॲपवर, कुठल्या जागेबद्दल, बोलणारा कोण वाटतो, विषय काय, सूर काय, प्रश्न आहे का, आणि शेवटी शेरा. "बोलणारा कोण" हे प्रोफाईल उकरून काढायचं नाही, बोलण्यावरून कळतं तेवढंच. "आमच्या रानात" म्हणतो तो गावचा, "वीकेंडला प्लॅन करतोय" म्हणतो तो बाहेरचा, कळत नसेल तर सरळ "माहीत नाही" लिहा. हा माहीत नाही वाला गट मोठा होणार आणि होऊ द्या.

आता एक करूनच बघू. समजा तालुक्याच्या एका बातमी पेजवर पाटणकडच्या रस्त्यात गवा उभा आहे असा व्हिडिओ आलाय. खाली पहिली कमेंट, "काय देखणा आहे राव". दुसरी, "आमच्या भातात येऊन बघा मग देखणा". तिसरी, "अभिनंदन फॉरेस्टवाल्यांचं". चौथी, "हा व्हिडिओ आपल्याकडचा वाटत नाही". पाचवीत नुसत्या हसण्याच्या तीन इमोजी.

पहिली सोपी, विषय प्राणी, सूर चांगला. दुसरीत "देखणा" शब्द आहे म्हणून मशीन तिला चांगली म्हणेल, पण ती पीकनुकसानीची तक्रार आहे, आणि बोलणारा गावचा. शिवाय ती पहिलीला दिलेलं उत्तर आहे, म्हणजे राग गव्यावर कमी आणि लांबून कौतुक करणाऱ्यावर जास्त, हे शेऱ्यात लिहायचं. तिसरी चक्क टोमणा. आपल्या भागात अभिनंदन, सत्कार, नारळ द्या, हे शब्द सरकारी खात्याच्या नावापुढं आले की शंभरातले नव्वद वेळा उलटेच वाचायचे. चौथी विषयाबाहेरची वाटते, पण तिला "बातमीवर विश्वास" असा वेगळा विषय द्या, कारण हल्ली एआयनं केलेले बिबट्याचे व्हिडिओ आणि कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातले जुने व्हिडिओ आपल्या गावाच्या नावानं फिरतात, लोक त्याला विटलेत. तुम्हीपण एखादी फ्रेम गुगल लेन्समध्ये टाकून तपासा. व्हिडिओ खोटा निघाला तरी खालच्या कमेंट फेकू नका, भीती खरीच असते. पाचवी? इमोजीला सूर देऊ नका. हसू बिबट्याच्या बातमीखाली पण असतं आणि वासोट्याला दमलेल्या मित्राच्या फोटोखाली पण असतं.

हेच कारण आहे की सूर ओळखणारी तयार टूल्स आपल्याकडं आपटतात. इंग्रजीची तर घेऊच नका. मराठीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब नावाच्या संशोधन गटानं ट्विट्सवर शिकवलेली मॉडेल्स खुली केलीत, त्यावर प्रयोग जरूर करा, पण आधी दोनएकशे कमेंट हातानं लावा आणि मशीनचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा. "नाद खुळा", "वाट लागली", "लई भारी काम चाललंय" ह्यावर त्याचं काय होतं ते दिसेलच. हातानं लावताना एकट्यानं लावू नका, दोघांनी वेगवेगळं बसून त्याच कमेंट लावायच्या आणि मग किती जुळतात बघायचं. कोहेन कप्पा नावाचा आकडा काढतात त्यासाठी, 0.6 च्या वर गेला तर ठीक, खाली आला तर भांडण तुमच्यात नाही, व्याख्येत आहे, ती परत लिहा. एक पार्टनर शहरातला आणि एक शिराळा-पाटणकडचा घ्या. कुठल्या कमेंटवर त्या दोघांचं जुळत नाही त्याची यादी काढा, प्रोजेक्टमधलं सगळ्यात वाचनीय पान तेच होतं.

आता माझं स्पष्ट मत. कौतुक आणि शिव्या दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी प्रश्न वाचा. व्हिडिओखाली लोक जे विचारतात त्यात सोनं आहे. जुलैत गेलं तर चालेल का, वासोट्यावर मुक्काम करता येतो का, चांदोलीत स्वतःची गाडी आत नेता येते का, वाघ दिसतो का, परवानगी कुठं काढायची. एकच प्रश्न वेगवेगळ्या व्हिडिओंखाली परत परत दिसायला लागला की समजायचं, ही माहिती लोकांपर्यंत पोचलेलीच नाही. आणि त्याला उत्तर कोण देतं तेही बघा. फॉरेस्टचं अधिकृत पेज देतं, का तिथला गाईड, का कुणीतरी "बिनधास्त जा भावा, कोण विचारत नाही" म्हणणारा? हा तिसरा माणूस किती ठिकाणी दिसतो एवढं जरी मोजलं तरी काम झालं.

वाघाचा प्रश्न जरा वेगळा. "वाघ दिसत नाही मग कसला व्याघ्र प्रकल्प" ह्या अर्थाचं बोलणं भरपूर सापडतं. त्यामागं ताडोबाचे व्हिडिओ आहेत, जिथं वाघ जिप्सीसमोर येऊन बसतो. आपलं जंगल दाट, सदाहरित-निमसदाहरित, डोंगरउताराचं, वाघ मोजकेच, तिथं पाच फुटांवर काय उभं आहे ते दिसत नाही. लोकांची नाराजी जंगलावर आहे का अपेक्षेवर, हे वेगळं काढता आलं पाहिजे, म्हणून कमेंटमध्ये ताडोबाचं नाव आलं की त्याची खूण करत जा. 2025 च्या नोव्हेंबरात तिकडून वाघीण आली त्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं शेजारी शेजारी लावून बघायला ही खूण फार उपयोगी आहे.

फोटो बघताना काय आहे त्याच्याइतकंच काय नाही तेही लिहा. चांदोलीच्या फोटोत वसंतसागरचं पाणी असतं, धुकं असतं, जीप असते. उठवलेल्या गावांच्या खुणा क्वचित, वनरक्षक तर जवळजवळ नाहीच.

थोडं जबाबदारीचं. कुणाचं नाव, हँडल, फोटो रिपोर्टमध्ये घालायचं नाही. कमेंट जशीच्या तशी छापली की सर्चमध्ये टाकून माणूस सापडतो, म्हणून अर्थ ठेवून शब्द बदला, विशेषतः फॉरेस्टविरुद्ध बोललेल्या गावकऱ्याचे, कारण त्याला उद्या त्याच ऑफिसात पंचनाम्यासाठी जायचंय. वाघ-बिबट्याचं ताजं ठिकाण सांगणारी पोस्ट दिसली तर ठिकाण शीटमध्येसुद्धा लिहू नका, तालुका पुरे. आणि कुणी बेकायदा काहीतरी करताना दिसला, समजा ड्रोन उडवतोय, तर तुम्ही अभ्यास करताय का तक्रार करताय हे आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी डोकं चालत नाही.

शेवटी एकदा गाडीला किक मारा. मणदूरला नाहीतर बामणोलीला जाऊन चहाच्या टपरीवर बसा, बोटवाल्याशी बोला, शेळ्या घेऊन येणाऱ्या मावशींशी बोला. लोकल बातम्यांच्या पेजवर बायका फारशा कमेंट करत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांकडं फोन असला तरी टाईप करायचा कंटाळा, म्हणजे जळणाला, गुरांमागं रोज जंगलाच्या कडेला जाणारी माणसंच तुमच्या शीटमध्ये नाहीत. पंधरावीस जणांना तेच प्रश्न विचारा जे ऑनलाईन शोधले. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात असं ताडून बघितलं होतं, पर्यटक सर्व्हेत जे आवडतं म्हणाले आणि त्यांच्या पोस्टमध्ये जे दिसलं ते बऱ्यापैकी जुळलं. पण ते पर्यटकांचं. गावकऱ्यांचं आपल्याकडं जुळेल असं मला वाटत नाही, आणि नाही जुळलं तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा, सरासरी काढू नका.

रिपोर्ट चाळीस पानांचा करा कॉलेजसाठी, पण दोन पानांची मराठी नक्कल वेगळी काढा. एका पानावर लोकांचे सगळ्यात जास्त आलेले दहा प्रश्न आणि त्यांना ऑनलाईन मिळालेली चुकीची उत्तरं, दुसऱ्यावर गावाकडच्या तक्रारी विषयवार. एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात, एक ग्रामपंचायतीत, आणि एक त्या व्लॉगवाल्या पोराला पाठवा ज्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त प्रश्न होते, तो वरती पिन केलेल्या कमेंटमध्ये खरी उत्तरं टाकायला बहुतेक तयार होतो. मूळ शीट डिलीट करू नका. पावसाळा संपून पर्यटन परत सुरू झालं की त्याच रकान्यांत नवीन कमेंट भरायच्या आणि ते दहा प्रश्न अजून तेच आहेत का बघायचं.